झील धरणारे

तिसगावात घरभेटींना निघालो की मास्तरीणबाईंच्या ओसरीवर थोडा वेळ टेकायचे, हा माझा परिपाठ आहे. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांचे यजमान हयातभर मिशनचे मास्तर म्हणून राबले. ते गेल्यानंतर बाई मुलाकडे इथे राहायला आल्या. गेल्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा आत टीव्हीवर दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ लागला होता आणि नातवंडे पोट धरून हसत होती. बाई मात्र हसत नव्हत्या. पडद्यावरच्या आईकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारले, “फादर, ह्या मायचं नाव काय हो?”

“ती नाम्याची आई,” मी म्हणालो.

“ते मलाबी ठावं हाये. तिचं सोताचं नाव काय?”

मला सांगता येईना. मुलाला, सुनेला, नातवंडांना विचारले. दादांचे नाव सर्वांना पाठ, उषा चव्हाणांचेही. आईचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा बाई सहज म्हणाल्या, “मागं हुबं ऱ्हाणाऱ्याचं नाव कोन पुसतंय!” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य घेऊन मी घरी परतलो, आणि पुढचे कित्येक दिवस ते माझ्या प्रार्थनेत येऊन बसू लागले.

त्या अभिनेत्रीचे नाव रत्नमाला. १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला तेव्हापासून दादांच्या एकामागून एक चित्रपटांत त्या त्यांची आई झाल्या. दादांची ‘आये’ ही हाक महाराष्ट्राच्या कानात बसली, पण त्या हाकेला ओ देणारी बाई नावानिशी ध्यानात राहिली नाही. एके काळी त्या स्वतः नायिका म्हणून पडद्यावर उभ्या राहिल्या होत्या, हे तर आणखीच थोड्यांना माहीत असेल.

दादांच्या चित्रपटांतील द्वयर्थी संवादांविषयी आम्ही धर्मगुरूंनी वेळोवेळी नापसंती व्यक्त केली आहे आणि ती मागे घ्यावी असे मला आजही वाटत नाही. परंतु त्या चित्रपटांचा नायक कसा घडला आहे, ते पाहण्यासारखे आहे. नाम्या बावळा आहे, भोळा आहे. पण हे आपल्याला कशावरून पटते? त्याची आई करारी आहे म्हणून. तमाशाच्या नादी लागलेल्या मुलाला ती घराबाहेर काढते. तिच्या डोळ्यांत धाक नसता तर त्याचा भोळेपणा हा निव्वळ वेडगळपणा ठरला असता. ‘राम राम गंगाराम’मध्ये (१९७७) खेडवळ गंगारामाला अचानक श्रीमंती लाभते, त्या झगमगाटात त्याची माती ज्यांच्यामुळे सुटत नाही, त्यांत ही आई आहे आणि अशोक सराफांचा म्हमद्या खाटीकही आहे. नायकाचा खरेपणा असा दुसऱ्यांच्या हाती असतो.

आपल्या भागातल्या यात्रांतून ज्याने पोवाडा ऐकला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. शाहीर डफावर थाप देऊन पुढे गातो. त्याच्यामागे दोघे-तिघे उभे असतात, त्यांना झीलकरी म्हणतात. कडव्याच्या शेवटी ते ‘जी जी’ करून सूर उचलतात. ऐकणाऱ्याला वाटते, ही नुसती साथ आहे. खरे पाहता तेवढ्याच अवधीत शाहीर श्वास घेतो. झील धरणारा नसेल तर मोठ्यातला मोठा शाहीर चार कडव्यांत धापा टाकू लागेल.

दुय्यम भूमिका म्हणजे काय, हे ललिता पवारांच्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसते. आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या येवल्यात १९१६ साली त्यांचा जन्म झाला. मूकपटांच्या काळापासून त्या काम करीत होत्या आणि नायिका म्हणून त्यांचे नाव झाले होते. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांना त्यांना थप्पड मारायची होती. ती चुकून इतक्या जोराने बसली की चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. दीर्घ उपचारांनंतरही डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिकेची जागा गेली. पुढे त्यांना मिळाल्या त्या सासवा, कैदाशिणी, आणि १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा. त्यांना मागची जागा त्यांच्या मर्जीने मिळाली नव्हती. पण ती मिळाल्यावर त्यांनी त्या मिटत्या डोळ्यालाच बोलते केले.

राज कपूर यांच्याबरोबरच्या त्यांच्या दोन भूमिका मला विशेष जवळच्या वाटतात. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) त्या केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत, मुंबईत नवख्या आलेल्या तरुणाला त्यांच्यापाशी माया मिळते. ‘अनाडी’त (१९५९) त्या मिसेस डिसा आहेत, आपल्या समाजातल्या घरमालकीणबाई. जिभेवर फटकारा आणि पोटात कळवळा. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणूस बहुधा दारूच्या गुत्त्यात किंवा नाचगाण्यात दाखवला, हे आपले जुने शल्य आहे. मिसेस डिसा मात्र आपल्या कोणत्याही धर्मग्रामात सापडतील. नायकाला त्या पोटच्या मुलासारखे मानतात आणि भेसळीच्या औषधाने मरतात. त्यांच्या मृत्यूनेच चित्रपटाचा नैतिक प्रश्न उभा राहतो. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९८ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. मार्चमध्ये दादा कोंडकेही गेले.

सेमिनरीत असताना आम्हाला जॉन फोर्ड यांचा ‘द क्वाएट मॅन’ (१९५२) हा इंग्रजी चित्रपट दाखवला होता. नायक जॉन वेन. आणि गावचे धर्मगुरू फादर लॉनर्गन झाले होते वॉर्ड बाँड. हे दोघे कॉलेजात एकाच फुटबॉल संघात खेळलेले, आणि वीसहून अधिक चित्रपटांत एकत्र आलेले. पुढे जॉन वेन उभे राहत आणि बाजूला बाँड. त्या चित्रपटात गंमत अशी की कथा सांगणारा आवाज त्या धर्मगुरूचा आहे: नायक दुसराच, पण त्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचते ती बाजूच्या माणसाकडून. १९६० साली बाँड गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीत जॉन वेन बोलले. पुढच्याने मागच्याविषयी उभे राहून चार शब्द सांगावेत, हे योग्यच झाले. मात्र त्यासाठी मरणाची वाट का पाहावी लागावी?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मागे उभे राहणे हा सद्‌गुण आहे काय?

आपण ख्रिस्ती लोक चटकन ‘होय’ म्हणू. शेवटची जागा घ्यावी, हे आपण प्रभूच्या तोंडून ऐकले आहे. संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाची गोष्ट आहे. शौलाला प्रेषितांकडे घेऊन जाणारा बर्णबा. त्याला तार्सहून शोधून अंत्युखियास आणणाराही बर्णबाच. सुरुवातीला ‘बर्णबा आणि शौल’ असा क्रम येतो. मग काही अध्यायांतच तो बदलतो, आणि पौलाचे नाव पुढे येते. बर्णबाने त्याबद्दल कुरकुर केल्याचे कोठेही लिहिलेले नाही. ज्याला आपण हात धरून आणले, तो आपल्यापुढे गेलेला पाहून आनंद मानणे, ही मोठीच कृपा आहे.

पण इथे एक गोष्ट आपण विसरतो. बर्णबाचे नाव पवित्र शास्त्रात आहे. पौल पुढे गेला म्हणून लेखकाने बर्णबाला गाळले नाही. बर्णबा नम्र होता, आणि लेखक प्रामाणिक होता. हे दोन वेगवेगळ्या माणसांचे दोन वेगवेगळे सद्‌गुण आहेत. पुढे उभ्या असलेल्या माणसाची चूक इथेच होते: मागच्याचा सद्‌गुण तो आपल्या सोयीसाठी वापरतो.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती मला ओळखता येते. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो, तेथील मंदिराचा शतकमहोत्सव माझ्या कारकिर्दीत झाला. संगमरवरी फलक बसवायचे ठरले आणि मजकूर मी लिहिला. पहिल्या जर्मन फादरांपासून सर्व धर्मगुरूंची नावे क्रमाने घातली. शेवटचे नाव माझे होते. समितीतल्या एका तरुणाने विचारले, “फादर, मास्तर लोकांची नावं?” फलकावर जागा कमी होती, हे खरे. पण मी तेवढेच बोललो नाही. मी म्हणालो, “मास्तर नम्र माणसं आहेत. त्यांना ते आवडायचं नाही.” समारंभाच्या दिवशी त्या मास्तरांपैकी एक जण, या मास्तरीणबाईंचे यजमान, मांडवात भाड्याच्या खुर्च्या मोजून घेत होते. फलकावरचा पडदा दूर झाला तेव्हा सर्वांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

वाचकहो, नगर जिल्ह्यात आपली श्रद्धा कशी रुजली, हे आपण जाणतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषा बोलणारे जेझुइट फादर इथे आले. त्यांच्या त्यागापुढे मी मस्तक लववतो. पण फादर महिन्यातून एकदा घोड्यावरून वाडीत यायचे. बाकीचे दिवस तिथे मास्तर असायचे. मुळाक्षरे त्यांनी शिकवली, प्रार्थना त्यांनी पाठ करून घेतल्या, प्लेगात आणि दुष्काळात मरणाऱ्याच्या उशाशी ते बसले. फादरांचे अडखळते मराठी लोकांना समजेल असे करून सांगणारेही तेच. फादरांना श्वास घेता यावा म्हणून कोणीतरी झील धरली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मशिक्षकांची थोरवी गायिली आहे. पोप फ्रान्सिस यांनी तर २०२१ साली धर्मशिक्षकाची अधिकृत सेवापदे म्हणून स्थापना केली. ख्रिस्तसभेने जे केले, ते माझ्या हातभर संगमरवराला जमले नाही.

आविलाच्या संत तेरेजाने नम्रतेचा अर्थ सत्यात चालणे असा लावला आहे. तो अर्थ धरला तर माझा अपराध उघड होतो. नम्रता हे सत्य असेल, तर घडलेले कार्य झाकून ठेवणे हे असत्य आहे. मास्तरांनी आपले नाव सांगितले नाही, ही त्यांची नम्रता. मी ते लिहिले नाही, हा माझा अन्याय. त्याला मी त्यांच्या नम्रतेचे नाव दिले, हे तर त्याहून वाईट. नम्रता ज्याची त्याने स्वीकारायची असते. दुसऱ्याने त्याच्यावर ती लादायची नसते.

हेच आपल्या घरांनाही लागू पडते. ‘आईला काही लागत नाही’, ‘थोरल्याने शिक्षण सोडलं, पण त्याने कधी बोलून दाखवलं नाही’ असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या कौतुकात आपली किती सोय दडलेली असते! ज्या सिनेमाला आपण मायावी म्हणतो, तोसुद्धा श्रेयनामावलीत रत्नमालांचे नाव देतो. ते वाचायला आपण थांबत नाही, एवढेच.

मागे उभे असणाऱ्यांनाही मला काही सांगायचे आहे. झीलकऱ्याने शाहिरावर कुरघोडी केली तर पोवाडा बुडतो, आणि मनात कढ ठेवून झील धरली तर सूर बेसूर होतो. अशोक सराफ ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) दादांच्या जोडीला दुसरे हवालदार होते. पुढे ते स्वतः नायक झाले, आणि २०२५ साली पद्मश्रीने सन्मानित झाले. पण ते झाले नसते, तरी त्या हवालदाराचे मोल कमी झाले नसते. रत्नमाला आईच राहिल्या, आणि ते काम पुरे होते.

त्यानंतर मी त्या धर्मग्रामाच्या सध्याच्या फादरांना पत्र लिहिले. माझी चूक कबूल केली आणि दुसरा फलक बसवावा, खर्च मी देतो, असे कळवले. मग मास्तरीणबाईंकडे गेलो. रत्नमालांचे नाव सांगितले. ते त्यांनी दोनदा उच्चारून पाहिले. मग फलकाचे सांगितले आणि क्षमा मागितली. बाई बराच वेळ गप्प होत्या.

“एकल्या मास्तरांचंच नाव घालू नका,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्यांच्या आधीबी व्हते, बरुबर बी व्हते. लिवून घ्या.”

आणि बोटांची पेरे मोजीत त्या एकेक नाव सांगू लागल्या. माझ्याजवळ मिस्साहेतूंची वही होती. तिच्या मागच्या पानावर मी नावे उतरवून घेतली. सात झाली. आठवे त्यांना आठवेना. पण त्या मास्तरांच्या कारभारणीचे नाव मात्र आठवले. “तिचं तरी लिवा,” त्या म्हणाल्या.

मी लिहिले. मग वही मिटता मिटता माझ्या ध्यानात आले, की इतकी वर्षे ज्यांना मी मास्तरीणबाई म्हणत आलो, त्यांचे स्वतःचे नाव मी कधी विचारलेच नव्हते. वही पुन्हा उघडली आणि विचारले.