उंटाचा खूर आणि जुनी मोटार

दोह्याच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवर असलेले रास लफान हे कतारच्या वायुउद्योगाचे केंद्र असून, 1971 साली शोध लागलेल्या नॉर्थ फील्ड या समुद्रतळाखालील क्षेत्रातला नैसर्गिक वायू येथे अतिशीत करून द्रवरूपात आणला जातो आणि 1996 च्या अखेरीपासून जहाजांनी परदेशी जातो. येथे काम करणारे बहुतेक लोक, आणि त्यांत मराठी अभियंते व तंत्रज्ञही आले, करारावर आलेले असतात. कंपनीची बस त्यांना पाळीवर नेते व परत आणते. परंतु सुटीच्या दिवशी जवळच्या अल खोर शहराच्या बाजारात जायचे किंवा दोह्यातल्या आप्तांकडे जायचे, तर दोहा मेट्रोची लाल मार्गिका लुसैलपाशीच संपत असल्यामुळे, स्वस्तातली जुनी गाडी घेणे हाच अनेकांना सोयीचा मार्ग वाटतो. अशी गाडी विकणाराही पुष्कळदा करार संपवून देश सोडण्याच्या तयारीत असतो. या साध्या व्यवहाराच्या तळाशी एक जुना धर्मप्रश्न आहे: स्वतःला ठाऊक असलेला दोष कोणी विचारला नाही तरी सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे काय, की कमी किमतीबरोबर त्याचे मौनही सौद्यात मोडते?

गाडीची मालकी नव्या नावावर होताना इस्तिमारा, म्हणजे नोंदणीपत्र, बदलते, थकलेले वाहतूक दंड भरावे लागतात आणि जुन्या गाड्यांना फाहेस या केंद्रातली तांत्रिक तपासणी पार करावी लागते. परंतु तपासणी त्या दिवशीची रस्त्यावरची पात्रता सांगते. गियरबॉक्स तापल्यावर अडखळतो किंवा कूलंट दर आठवड्याला घालावे लागते, हे गाडी रोज वापरणाऱ्यालाच ठाऊक असते. पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्यात अशा त्रुटींचे वजन वाढते. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर उष्णतेने जुने होते, आणि त्याच्या बाजूला कोरलेल्या चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते हे नवख्या खरेदीदाराला सहसा माहीत नसते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 सालच्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवले की, ग्राहकाला चांगली व वाईट गाडी वेगळी ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच मधली किंमत देऊ करतो आणि परिणामी चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून बाहेर पडतात. हे मौनाचे सामाजिक मोल झाले. मौन पाळणाऱ्याचा दोष किती, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

भारतीय करार कायदा, 1872, याच्या सतराव्या कलमात या प्रश्नावर घोड्याची उदाहरणे आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही विकणारा लिलावात गप्प राहिला, तर केवळ तेवढ्याने फसवणूक होत नाही. परंतु घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगण्याचे कर्तव्य निर्माण होते. आणि ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन’ असे घेणाऱ्याने म्हटले असेल, तर मौन हेच बोलणे ठरते. या कलमाचे खरे मर्म पहिल्या उदाहरणापेक्षा पुढच्या दोन उदाहरणांत आहे, कारण परक्या देशात ‘आपला माणूस’ म्हणून ज्याच्याकडून गाडी घेतली जाते, त्याच्यावरच्या विश्वासामुळेच तपासणी सैल पडते.

धर्मशास्त्राने काळाच्या मर्यादेतून वाट काढली. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेसाठी वेगवेगळे अवधी दिले असून, बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस आणि ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस मिळतात. शिवाय सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली. ज्याचे वाहन त्याने आधी पारखून घ्यावे हेही ही परंपरा मानते. परंतु परीक्षेच्या अवधीला अर्थ तेव्हाच, जेव्हा पाचव्या दिवशी विकणारा गावात सापडतो.

ज्या देशात हा सौदा होतो त्याच्या धर्मपरंपरेत या प्रश्नाचा विचार अधिक खोलवर झाला आहे. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व आचरणाच्या नोंदी. त्यांपैकी एका प्रसिद्ध नोंदीत पैगंबर धान्याच्या राशीत हात घालतात, आतला ओलावा बोटांना लागतो, आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे ते व्यापाऱ्याला विचारतात. म्हणजे धान्य भिजल्याचा दोष त्याच्यावर नाही, ते झाकण्याचा आहे. ‘आहे त्या स्थितीत’ म्हणून विकण्याचा प्रश्नही तेथे आलेला दिसतो. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात अब्दुल्ला इब्न उमर यांनी कोणत्याही दोषाची जबाबदारी घेणार नाही या अटीवर एक गुलाम 800 दिरहमांना विकल्याची नोंद आहे. माणसाचीच खरेदीविक्री करणाऱ्या त्या काळाची क्रूरता येथे नजरेआड करता येत नाही. ग्राहकाने आजाराची तक्रार केली, तेव्हा खलिफा उस्मान यांनी ‘दोष ठाऊक नव्हता’ अशी शपथ घेण्यास सांगितले आणि इब्न उमर यांनी शपथेला नकार देऊन विक्री परत घेतली. यातून इस्लामी कायद्याच्या मालिकी पंथाचा विचार स्पष्ट होतो: अट घालून अज्ञात दोषाचा भार ग्राहकावर टाकता येईल, ज्ञात दोषाचा नाही. हनफी पंथ अशा अटीला अधिक वाव देतो.

विज्ञानेश्वराचे समकालीन धर्मचिंतक अल-गझाली यांनी (मृत्यू 1111) सांगितलेली पैगंबरांचे सहचर वासिला इब्न अल-अस्का यांची कथा मात्र सर्वांत पुढे जाते. उंट विकला जात असताना ते शेजारी उभे होते. ग्राहक निघून गेल्यावर ते त्याच्यामागे धावले आणि उंट मांसासाठी घेतला की सवारीसाठी, असे विचारले. सवारीसाठी असे कळताच, खुराला छिद्र असल्याचे त्यांनी सांगितले. सौदा मोडायला आला, विकणाऱ्याने 100 दिरहम कमी केले आणि आपला व्यवहार बिघडवल्याबद्दल वासिलांना बोल लावला. त्यावर त्यांनी नसीहा, म्हणजे दुसऱ्याच्या हिताची निखळ कळकळ, तिची शपथ आपण घेतलेली असल्याचे सांगितले.

या कथेतला पहिला प्रश्नच निर्णायक आहे, कारण दोष उपयोगावर ठरतो. अल खोरपर्यंतच्या फेरीला चालून जाणारा जुना टायर दोह्याच्या वेगवान महामार्गावर भर दुपारी जिवावर बेतू शकतो, म्हणून गाडी कशासाठी हवी हे विचारणे विकणाऱ्याच्या कर्तव्यात येते. दोष सांगून किंमत उतरवली, तर स्वस्त गाडी हा पूर्ण न्याय्य सौदा आहे, आणि अपुऱ्या पगाराच्या माणसाला तो हवाच असतो. न सांगता उतरवलेली किंमत मात्र ग्राहकाला कशाचा मोबदला मिळाला हेच कळू देत नाही. कतारच्या 2004 च्या नागरी संहितेतही दडलेल्या दोषांबद्दल विकणाऱ्याची जबाबदारी मानली आहे, पण देश सोडून गेलेल्या माणसामागे रियालांचा दावा घेऊन कोण जाणार? म्हणून जे याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिवसांवर विभागले होते, ते सगळे येथे किल्ली हाती देण्याच्या क्षणावर येऊन पडते. आणि ज्या सहकाऱ्याला किंवा गॅरेजमधल्या कारागिराला त्या गाडीचा जुना अपघात ठाऊक आहे, तोही वासिलांच्या जागी उभा असतो: लहानशा परदेशी वस्तीत स्नेह सांभाळण्यासाठी गप्प राहणे सोपे असते, तरी विकणाऱ्याची नाराजी पत्करून ग्राहकाला गाठणे हे त्याच्यावरही तितकेच बंधनकारक आहे.