योसेफाची नीती आणि दया

अपराध्यावर दया केली तर धर्मास बाध येतो काय, हा प्रश्न लोणार-मेहकरकडील वासनिक मंडळी निरूपणप्रसंगी विचारीत असतात. सशाच्या लीळेत सर्वज्ञांनी शरणागत जीव पारध्यांच्या हाती दिला नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ससा निरपराध होता. अपराधी समजल्या गेलेल्या मनुष्याविषयी काय, याचा विचार करण्यास ख्रिस्ती शास्त्रातील एक प्रसंग उपयोगी पडतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, तो आला आहे. योसेफाशी वाग्दान झालेली मरिया विवाहापूर्वीच गर्भवती असल्याचे दिसून आले. मोशेच्या नियमशास्त्रात वाग्दत्तेच्या व्यभिचारास धोंडमाराची शिक्षा सांगितली आहे. योसेफाने मात्र तिची बेअब्रू न करता गुप्तपणे सोडचिठ्ठी देण्याचे मनात आणले, आणि याच ठिकाणी ग्रंथकार त्यास 'नीतिमान' म्हणतो.

या वाक्याचा अन्वय टीकाकार दोन प्रकारे लावतात. तो नीतिमान म्हणून तिला सोडणार होता, परंतु दयाळू म्हणून गुप्तपणे, असे कित्येकांचे मत. असे मानिल्यास दया ही नीतीतील वजावट ठरते. मूळ ग्रीक वाक्यात मात्र दोहोंच्या मध्ये 'परंतु' नसून 'आणि' या अर्थाचे अव्यय आहे. तेव्हा नीतिमान होता म्हणूनच तो तिची अप्रतिष्ठा इच्छीत नव्हता, हा अन्वय आम्हांस सरळ वाटतो. इब्री भाषेत धर्माचरणवाचक 'त्सदाका' हा शब्दच पुढे दानाचे नाव झाला. आपल्या दारीचा याचकही 'धर्म करा, माय' असेच म्हणतो! मराठी नवा करार श्रीरामपूर (बंगाल) येथे १८११ साली छापला गेला. आज रूढ असलेल्या भाषांतरातील 'नीतिमान' या शब्दात हा ओलावा उरलेला नाही, नियम पाळणारा एवढाच बोध होतो.

प्रसंगाचा क्रमही पाहावा. देवदूताने स्वप्नात खरे वृत्त सांगितले ते नंतर. योसेफाचा निश्चय झाला तेव्हा मरिया त्याच्या समजुतीप्रमाणे दोषीच होती. दोषास त्याने गुण म्हटले नाही, तिला घरात घेण्याचेही ठरविले नाही. केवळ तिला लोकांच्या हाती दिले नाही. कारण न सांगता सोडचिठ्ठी देणाऱ्यावर लोकांचा संशय कदाचित उलटलाही असता.

तरी ही दया अपुरीच म्हटली पाहिजे. अब्रू राखली गेली, तरी पोटच्या बाळासह मरिया निराधारच झाली असती. स्वप्नातून जागा झाल्यावर योसेफाने तिला घरी आणिले.