फुलाचा पत्ता

ऑगस्टमधल्या एका सकाळी सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्यावर गाडी थांबवून मी एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो काढला. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात कुरडूच्या कोवळ्या भाजीची जुडी, मागे ढगात बुडालेली दरी. फोटो छान आला. तो बघायला त्यांनी मागितला नाही. एवढंच विचारलं, "ह्यो फोटू आता कुठं जाणार, ताई?"

"कुठं नाही मावशी, माझ्याजवळच राहील," मी म्हणाले. संध्याकाळपर्यंत तो माझ्या ओळखीच्या आणि बिनओळखीच्या कित्येकांच्या फोनवर पोचला होता.

त्याच वळणाच्या पुढे, रस्त्याकडेच्या गवतात कंदीलपुष्पाचं एक रोप फुललं होतं. हे फूल म्हणजे एक नळी आणि तिच्या तोंडाशी पाकळ्यांचा पिंजरा. आत शिरलेल्या चिलटाला नळीतले केस बाहेर पडू देत नाहीत. परागीभवनाचं काम झालं की केस कोमेजतात आणि चिलट सुटतं. उकिडवं बसून मी तीस-चाळीस फोटो काढले. त्यातल्या सर्वांत चांगल्या फोटोत मागे किलोमीटरचा दगड आला होता आणि त्यावरचा आकडा सहज वाचता येत होता. ज्यांनी ज्यांनी 'कुठे?' विचारलं, त्यांना घाटाचं नावही मी उत्साहाने सांगितलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा तिथे वीतभर खोल खड्डा होता.

तो कोणी केला, ते मला कळलेलं नाही. एखाद्या हौशी माणसाने बागेत लावायला कंद नेला असेल. रानडुकराने उकरला असेल. कंदीलपुष्पाचे कंद खाल्लेही जातात. एखाद्या गुराख्याने तो खाल्ला असेल. माझ्या फोटोचा या खड्ड्याशी संबंध आहे, हे सिद्ध होत नाही. नाही, हेही सिद्ध होत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी गेली दोन वर्षं अडकून आहे.

मी बडोद्याला राहते, गुजरातीतून मराठीत अनुवाद करते. आपण फोटो 'काढतो'. माझे शेजारी फोटो 'पाडतात', झाडावरून कैरी पाडावी तसा. हिंदीत तो 'खेंचतात', म्हणजे ओढतात. बंगालीत फूल खुडायला आणि फोटो काढायला एकच क्रियापद आहे, 'तोला'. मराठीत जरा साहित्यिक लिहायचं असलं की आपण दृश्य 'टिपतो'. पाखरू दाणे टिपतं, आई डोळे टिपते आणि शिकारी सावज टिपतो. या भाषांनी एकमेकींना विचारून शब्द ठरवले नसतील, पण समोरचं काहीतरी उचलून आपल्याकडे आणलं जातं, एवढं त्या सगळ्यांना जाणवलेलं दिसतं.

आपलं उत्तर ठरलेलं असतं: फोटोने काय कमी होतं? फूल जागच्या जागी राहतं. छायाचित्रांखेरीज काही नेऊ नका, पाऊलखुणांखेरीज काही ठेवू नका, अशा अर्थाच्या पाट्या जंगलांच्या वेशीवर असतातच. कासच्या पठारावर या वाक्याचा दुसरा भाग सरळ खोटा ठरतो. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यात बोटभर उंचीची सीतेची आसवं. तिथे पाऊलखूण हीच इजा असते. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासही होतं. त्यानंतर फुलांपेक्षा फुलांत बसलेल्या माणसांचेच फोटो जास्त दिसू लागले.

पक्ष्यांच्या बाबतीत कायदा आपल्यापेक्षा स्पष्ट बोलतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. पिल्लं नीट दिसावीत म्हणून घरट्यासमोरची फांदी बाजूला सारणारा माणूस स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतो. पण त्या फांदीमुळेच ऊन आणि कावळे दूर राहत होते. एका शब्दाची इतकी अचूक व्याख्या मी कोशांतही क्वचित पाहिली आहे.

पण मी तर फांदी हलवली नव्हती, गवतही तुडवलं नव्हतं. फोटो काढताना माझ्या हातून काही चुकलं नाही. चुकलं ते नंतर, पत्ता सांगताना. आणि इथेच माझ्या व्यवसायाने लावलेली सवय उलटी पडली. अनुवादात मूळ लपवणं ही चोरी. कोणाचं पुस्तक, कोणती भाषा, कोणती आवृत्ती हे सांगणं हा प्रामाणिकपणाचा पहिला नियम. पण माझ्या अनुवादाने मूळ पुस्तकाचं एक पानही फाटत नाही. हजार वाचक मुळाकडे वळले तर ते पुस्तक जास्तच जगेल. दहा माणसं त्या रोपाकडे वळली, तर ते उरेलच असं नाही. प्रामाणिकपणाचा नियम एकच असेल, तर तो 'मूळ सांगा' असा नसून 'मुळाला जपा' असा असला पाहिजे. एका ठिकाणी तो नाव छापून पाळावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी गप्प राहून.

याविरुद्धचा आक्षेप मला खरा वाटतो. जे कोणाला ठाऊक नाही, ते वाचवणार कोण? उद्या त्या घाटाचं रुंदीकरण झालं, तर तिथे काय होतं ते कोणी सांगायचं? वनस्पतिसंग्रहालयातल्या वाळलेल्या नमुन्यावर ठिकाण लिहिलेलं नसेल, तर अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग नसतो. म्हणून मौन हा सरसकट उपाय नव्हे. निसर्गनोंदींच्या 'आयनॅचरलिस्ट'सारख्या ठिकाणी धोक्यातल्या प्रजातींची जागा सर्वांना मोघम दाखवली जाते, अचूक जागा नोंदीत मागे राहते. पत्ता असावा, तो कोणाच्या हातात द्यायचा, हे ठरवण्याची तसदी घ्यावी. मी ती घेतली नव्हती, कारण 'कुठे?' असं विचारणारा प्रत्येक जण मला माझं कौतुक करणारा वाटत होता.

मी काही नियम करून घेतले. फोनमधली स्थाननोंद बंद ठेवते. चौकटीत दगड, पाटी, ओळखू येणारं वळण येऊ देत नाही. या लेखातही घाटाचं नाव नाही. हे सगळं करून समाधान वाटायला हवं होतं. वाटत नाही, कारण मग मावशी आठवतात.

शहरातून गाडीने आलेल्या मी ज्याला 'गुपित' म्हणते, ते त्यांच्या रोजच्या वाटेवर होतं. कुरडू कुठे कोवळी मिळते हे ज्यांना ठाऊक, त्यांना पन्नास पावलांवरचं ते रोपही ठाऊक असणार. कदाचित त्याचं एखादं नाव, त्याच्या कंदाची चवसुद्धा. मी त्यांना विचारलंच नाही. माझ्या लेखी त्या माहीतगार नव्हत्या, दृश्याचा भाग होत्या, दरी आणि ढगांसारख्या. फुलाची जागा सांगून टाकली म्हणून मी दोन वर्षं हळहळले. त्यांना तोंडावर खोटं सांगितलं, याची बोच त्या खड्ड्यानंतरच लागली.

खरं तर छायाचित्राबद्दल जो प्रश्न विचारायला हवा, तो त्यांनी त्याच क्षणी विचारला होता. फोटो चांगला आला का, असं नाही. कशाला काढला, असंही नाही. हा आता कुठं जाणार? फुलाला तो विचारता आला नसता, घरट्यातल्या पक्ष्यालाही नाही. त्यांच्या वतीने तो आपणच स्वतःला विचारायचा असतो, आणि बटण दाबण्याआधी. ज्याला तोंड आहे त्याने विचारलाच, तर खरं सांगायचं. खरं ऐकून तो "नको" म्हणाला, तर कॅमेरा पिशवीत ठेवायचा.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा त्या वळणावर थांबले. खड्डा गवताने भरून आला होता. मावशी भेटल्या नाहीत. त्यांचा फोटो मी जिथून काढून टाकता आला, तिथून काढून टाकला आहे. पण तो माझ्याजवळच राहील, हे वाक्य आता काही केल्या खरं होत नाही.