ताईंसाठी अर्धा तास

फळ्यावर पाच ओळी लिहून होतात, सगळा वर्ग तिसऱ्या ओळीवर असतो आणि एका मुलाची वही अजून दप्तरातच असते. तो आळशी नसतो, ढ तर नसतोच. वही काढायची, पान उघडायचं, तारीख घालायची, मग पहिलं वाक्य लिहायचं, हा क्रमच त्याच्या डोक्यात टिकत नाही. काम सुरू करणं, सूचना ध्यानात ठेवणं, मनाला आवर घालणं, हातातलं सोडून दुसऱ्या कामाकडे वळणं, या साऱ्यांना मिळून कार्यकारी क्षमता म्हणतात. मेंदूचा जो पुढचा भाग हे सांभाळतो, तो थेट पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून जाणती विशेष शिक्षिका अशा मुलावर रागावत नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीवर चार चित्रं काढून ती पट्टी बाकाला चिकटवते. मुलगा पहिल्या चित्रावर बोट ठेवतो, वही काढतो, बोट पुढे सरकवतो. डोक्यात मावत नव्हतं ते डोळ्यांसमोर आलं की हात चालू लागतो.

मग या शिक्षिकेच्या, म्हणजे ताईंच्या, डोक्यात मावत नाही ते कुठे उतरवायचं?

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला 10 विशेष मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये 4,860 पदांना मान्यता दिली. म्हणजे एका केंद्राला एक. केंद्रात शाळा अनेक. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात येणाऱ्या ताईंना एका मुलाचे उच्चार पाहायचे असतात, दुसऱ्याची पेन्सिलची पकड, तिसऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा कागद. आईवडील कापूस वेचायला गेलेले, म्हणजे भेट संध्याकाळीच. शिवाय प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, आणि मधेच मागवलेली ऑनलाइन माहिती. हे सगळं एकटीने ध्यानात ठेवायचं, आणि एखादं राहिलं की नियोजन जमत नाही असा शेरा घ्यायचा. मुलाला पट्टी देणाऱ्या व्यवस्थेने शिक्षिकेला नुसता शेरा द्यावा, हे मला मुळीच पटत नाही.

भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी टिकवायची तर प्रशिक्षणांचे गुण जमवावे लागतात. ती प्रशिक्षणं हवीतच. पण माणूस कामात मुरतो तो आपलं काम दुसऱ्या जाणत्या डोळ्यांना दाखवून. चार चित्रांची पट्टी एका मुलाला लागू पडली, दुसऱ्याने ती फाडून टाकली; का फाडली असेल? चित्रं जास्त झाली, की इतरांसमोर लाज वाटली? एकटीने हे सुचेलच असं नाही. मुलाची वही मधे ठेवून दोघी-तिघी बसल्या, तर सुचतं.

अशा बैठकीला जागा आहे. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होतेच. केंद्रप्रमुखांनो, त्यातला अर्धा तास एकाच मुलासाठी राखून ठेवा: काय करून पाहिलं, काय घडलं, पुढच्या आठवड्यात काय करायचं. मुख्याध्यापकांनो, ताईंचा वार ठरवून द्या, तो भिंतीवर लावा आणि त्या दिवशी त्यांना दुसऱ्या कामाला जुंपू नका. आणि रोहिणखेडच्या पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत हा विषय तुम्हीच मांडा.