मताच्या रांगेत बंदुकीचे काय काम?

बंदूक चालवायची म्हणजे चाप ओढावाच लागतो असे नाही. ती चार माणसांना दिसली तरी पुष्कळ काम होऊन जाते. गोळी सुटली तर पंचनामा होतो, गुन्हा नोंदवला जातो, वर्तमानपत्रात बातमी येते. पण कमरेला लावलेले पिस्तूल पाहून एखादी बाई मुलाचा हात धरून रांगेतून घरी परतली, तर त्याची नोंद कोणत्या दप्तरात होते? कायदेशीर परवाना असलेली, कोणावर न रोखलेली, न झाडलेली बंदूक मतदान केंद्राजवळ नेण्यात गैर काय, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही.

आपल्याकडे कायद्याने याचे उत्तर दिले आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ मध्ये कलम १३४ब आहे. मतदानाच्या दिवशी कोणत्याही प्रकारचे शस्त्र घेऊन मतदान केंद्राच्या परिसरात जाणे हा त्यानुसार दखलपात्र गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिवाय हत्यार जप्त होते आणि परवाना रद्द झाला असे मानले जाते. निवडणूक निर्णय अधिकारी, मतदान केंद्राध्यक्ष, पोलीस आणि तेथे बंदोबस्तासाठी नेमलेली माणसे यांना तेवढी सूट आहे. हे कलम १९९६ च्या दुरुस्तीने आले. त्याच दुरुस्तीने कामगाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीचा हक्क मिळाला आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत दारूविक्रीला बंदी आली.

वाळूजच्या माणसाला या तीन गोष्टींचा मेळ लवकर कळेल. नगर रस्त्यावरच्या या औद्योगिक वसाहतीत मराठवाड्यातल्या खेड्यांतून, विदर्भ-खानदेशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून पोट भरायला आलेली माणसे राहतात. पंढरपूर, बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी येथे एकेका खोलीत दोन-तीन पाळ्यांचे कामगार नांदतात. ज्यांनी येथे नाव नोंदवले, त्यांना सुट्टी मिळाल्याने केंद्रापर्यंत जाता येते. पण दारात कोणी पिऊन उभा असेल, किंवा कोणाच्या कमरेला पिस्तूल असेल, तर त्या सुट्टीचा उपयोग काय? हक्क कागदावर राहतो आणि माणूस खोलीवर.

आता दुसरी बाजू पाहू. ती हलकी नाही. सरकारने एखाद्याला शस्त्राचा परवाना दिला, याचा अर्थ त्याच्या जिवाला धोका आहे हे सरकारनेच मान्य केले. मग त्याच दिवशी, तणाव सर्वाधिक असताना, त्याला निःशस्त्र का करायचे? ज्यांनी दंगली पाहिल्या आहेत, ज्यांच्या वस्तीत पोलीस उशिरा पोहोचल्याच्या आठवणी आहेत, त्यांना हा प्रश्न हसून उडवता येणार नाही.

कायद्याने या भीतीची दखल थोडीफार घेतली आहे. निवडणूक आली की सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेण्याची प्रथा होती. ती न्यायालयात गेली. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सामील असलेले, अशांच्या परवान्यांचा एकेक करून विचार करावा, असे ठरले. म्हणजे घरातल्या शस्त्राबाबत माणूस पाहून निर्णय होतो. मतदान केंद्राच्या परिसरात मात्र माणूस पाहिला जात नाही. तेथे सर्वांना एकच नियम.

हा फरक आम्हाला योग्य वाटतो. घरातली बंदूक माझ्या जिवाचे रक्षण करते. रांगेतली बंदूक माझ्या मागे-पुढे उभ्या असलेल्या शंभर जणांच्या मनात शिरते. माझा हेतू कितीही नेक असो, तो त्यांना दिसत नाही. त्यांना फक्त बंदूक दिसते. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्याचे टोक हातात धरावे, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. बाण बाळगणारा गुन्हेगार आहे असे तेथे म्हटलेले नाही. जेथे माणसे विश्वासाने एकत्र येतात, तेथे सावधगिरीची जबाबदारी हत्यारवाल्याची, एवढाच त्याचा अर्थ.

मत गुप्त असते, मग बंदुकीने बिघडते काय, असेही कोणी विचारील. यंत्रासमोर तर माणूस एकटाच असतो. खरे आहे, बंदूकवाल्याला मत बदलता येत नाही, पण रांग लहान करता येते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत औरंगाबाद मतदारसंघाचा निकाल ४,४९२ मतांनी लागला. एवढ्या मोठ्या मतदारसंघात दर केंद्रामागे मूठभर माणसे घरी बसली तरी पारडे फिरू शकते. आणि सर्वांत आधी कोण घरी बसतात? बायका, म्हातारी माणसे, आणि वस्तीत ज्यांची संख्या कमी आहे ते.

अमेरिकेत हाच वाद २०२० मध्ये मिशिगन राज्यात झाला. मतदान केंद्राजवळ उघडपणे बंदूक बाळगण्यास तेथील राज्य सचिवांनी मनाई केली आणि मतदानाच्या तोंडावर न्यायालयाने तो आदेश रोखला. जेथे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे, तेथे मतदाराच्या निर्भयतेला अशी वाट काढावी लागते. आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, परवानगी आहे. पण परवानगीचेही काय होते ते शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. पिस्तूल मिरवणाऱ्यांच्या, हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या. पुढे प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. रक्षणासाठी घेतलेले हत्यार दबदब्याचे साधन कसे बनते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

आणि सरकारी बंदुकीचे काय? शिपायाच्या खांद्यावरची रायफलही रायफलच आहे. म्हणूनच केंद्राध्यक्षाने बोलावल्याशिवाय पोलिसाने मतदानाच्या खोलीत येऊ नये, असा दंडक आहे. बंदोबस्त दारापर्यंत, आत फक्त मतदार आणि त्याचा विवेक. हा दंडक पाळला जातो की नाही, यावर नजर ठेवणे हा आपलाही अधिकार आहे.

इमाम मालिक यांची हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक असेल. जबरदस्तीने वदवून घेतलेल्या तलाकला अर्थ नाही, असे मत त्यांनी दिले. हनफी फुकहांचे मत याबाबत वेगळे आहे, तो भाग निराळा. पण अब्बासी खलिफा मन्सूरच्या माणसांनी त्यातला दुसरा अर्थ बरोबर ओळखला : मग जबरदस्तीने घेतलेल्या बैअतीलाही अर्थ नाही! मदिनेच्या सुभेदाराने इमामसाहेबांना फटके मारले. सत्तेला निष्ठा हवी असते, पण ती निष्ठा खरी आहे की धाकाची, हा प्रश्न तिला सहन होत नाही. काही उलेमांनी मताला शहादत, म्हणजे साक्ष म्हटले आहे. धाकाखाली दिलेली साक्ष कोणते न्यायालय ग्राह्य धरील?

पण एवढ्यावर थांबलो तर आपण स्वतःला फसवू. शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून घरगुती व शेतीची अवजारे, साधी काठी वगळली आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आदेश काढून काठीलाही मनाई करता येते. पण शब्दाला, नजरेला, उपकाराला मनाई कशी करणार? कामावरून काढीन म्हणणारा ठेकेदार, उधारीची वही दाखवणारा दुकानदार, 'सगळ्या घराचे मत एकीकडेच पडले पाहिजे' म्हणणारा घरचा कर्ता, यांच्या कमरेला काही नसते. आणि आपल्याच मोहल्ल्यातला दादा? तो 'कौम'चे नाव घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा त्याला आपण धाक म्हणत नाही, एकी म्हणतो. दुसऱ्याच्या पिस्तुलाबद्दल तक्रार करायची आणि आपल्या दादाच्या दराऱ्याचा अभिमान बाळगायचा, हा इन्साफ नव्हे.

बंदूक बाहेर ठेवायला कायदा पुरेसा आहे. दरारा बाहेर ठेवायचे काम मात्र वस्तीचे, जमातीचे आणि घराघराचे आहे. वाळूजच्या एखाद्या शाळेत रांगेत उभ्या असलेल्या बाईला आपल्या नवऱ्याचा, शेजाऱ्याचा, पुढाऱ्याचा आणि पोलिसाचा, कोणाचाही खौफ वाटू नये. तिचे मत आपल्या विरुद्ध जाणार असेल तरीसुद्धा. ही अट मान्य असेल, तरच मतदान केंद्रावर शस्त्र नको असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.