चुकीच्या समुद्राचं ऋण

स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शक पुस्तकात परवा एक तक्ता पाहिला. डावीकडे भूवैज्ञानिकांची नावं, मध्ये त्यांचे सिद्धांत, उजवीकडे एकेक शब्द: ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’. हटन मान्य, वेगेनर मान्य, वेर्नर अमान्य. पाठ करायला तक्ता सोपा आहे. पण त्या शेवटच्या रकान्यानं मला फार अस्वस्थ केलं. सॅक्सनीतल्या फ्रायबेर्ग या चांदीच्या खाणींच्या गावी आब्राहाम गॉटलोब वेर्नर १७७५ पासून १८१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवत होता. त्याच्यापुढे बसायला स्कॉटलंडहून रॉबर्ट जेम्सन आला, स्पेनहून आंद्रेस मानुएल देल रिओ आला, पोर्तुगालमार्गे ब्राझीलचा जोझे बोनिफासिओ आला. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट, लिओपोल्ड फॉन बुख, खनिजांच्या काठिण्याची मोजपट्टी देणारा फ्रीडरिश मोस हे त्याचेच विद्यार्थी. कवी नोव्हालिसही त्याचाच. एवढ्या माणसांचा गुरू एका शब्दात कसा निकालात निघतो?

भांडण काय होतं ते बहुतेकांना ठाऊक आहे. पृथ्वीवर एके काळी सर्वत्र समुद्र होता आणि ग्रॅनाइट, बेसाल्ट, चुनखडी असे जवळजवळ सगळे खडक त्याच्याच पाण्यातून क्रमानं खाली बसले, असं वेर्नर म्हणत असे. ज्वालामुखी त्याच्या मते अलीकडचा, किरकोळ प्रकार. जमिनीतले कोळशाचे थर पेटले की होणारा. एडिंबरोच्या जेम्स हटननं पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेला मुख्य काम दिलं. बेसाल्टच्या बाबतीत हटन बरोबर ठरला, वेर्नर चुकला. याबद्दल आज कुणाचंच दुमत नाही, माझंही नाही.

पण ही चूक किती स्वाभाविक होती, हे आपल्याइतकं कुणाला कळावं? आपण बेसाल्टवरच राहतो. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात मान वर करून पाहिलं की काळ्या कातळाचे आडवे पट्टे एकावर एक बसलेले दिसतात, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेकुठे लाल मातीचा पातळ थर. ज्याला आधी काही शिकवलेलं नाही अशा माणसाला ते पाहून आग आठवणार नाही, गाळ आठवेल. नागपूरच्या परिसरात तर बेसाल्टच्या थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात. त्याचा खरा अर्थ एवढाच की लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये बराच काळ गेला आणि त्या काळात तिथे तळी होती. पण वेर्नरच्या शिष्यांच्या हाती अशी गोष्ट लागली असती तर त्यांनी ती पुरावा म्हणून नाचवली असती. आयर्लंडच्या पोर्टरशला नेमकं तसं झालंच. तिथल्या ‘बेसाल्ट’मध्ये अमोनाइटचे शंख आहेत, म्हणजे बेसाल्ट समुद्रातलाच, असा दावा त्यांनी केला. प्रत्यक्षात तो बेसाल्ट नव्हताच. शेजारी घुसलेल्या तप्त रसानं भाजून कडक झालेला तो समुद्री गाळ होता.

वेर्नरचा स्वतःचा पुरावा शायबेनबेर्ग नावाच्या टेकडीवरचा. सॅक्सनीतल्या या टेकडीच्या माथ्यावर बेसाल्टचे उंच खांब उभे आहेत, त्यांच्याखाली वाळू आणि चिकणमाती. १७८७-८८ च्या सुमारास वेर्नरनं तिथे पाहिलं की वाळूतून चिकणमातीत, चिकणमातीतून एका मऊ, करड्या खडकात आणि त्यातून बेसाल्टमध्ये आपण हळूहळू जातो. कुठेही रेघ ओढून वेगळं करता येत नाही. वाळू पाण्यातली आहे, मग त्याच ओघात तयार झालेला बेसाल्टही पाण्यातलाच. आज आपण म्हणतो की ती एक जुनी दरी होती, तळाशी नदीनं आणलेली वाळू-माती होती, तिच्यावरून लाव्हा वाहत आला, आणि मधला मऊ खडक हा कुजलेला ज्वालामुखीजन्य खडक आहे. वेर्नरचाच विद्यार्थी योहान कार्ल विल्हेल्म फोइग्ट यानं तेव्हाच याला कडाडून विरोध केला होता. फ्रान्समध्ये निकोला डेमारेनं तर १७६३ मध्येच ओव्हेर्न्य भागात बेसाल्टचे खांब जुन्या लाव्ह्याच्या प्रवाहांशी जोडून दाखवले होते.

इथे चार्ल्स लायल पुढे येतो, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’चा पहिला खंड १८३० मध्ये निघाला. त्याच्या सुरुवातीला लायलनं या शास्त्राचा इतिहास सांगितला आणि पुढची दीडशे वर्षं बहुतेकांनी तोच गिरवला. त्यात वेर्नरवरचा आरोप असा, की जर्मनीचा एक लहानसा कोपरा पाहून या माणसानं सगळी पृथ्वी त्याच नमुन्याची असणार असं धरून चाललं. लायल शिक्षणानं वकील होता, आणि हा इतिहास वकिलानं लिहिलेला आहे हे पानोपानी कळतं. हटन त्याचा अशील, वेर्नर प्रतिपक्ष. प्रतिपक्षाच्या बाजूचं जे जे होतं ते पुढे आलंच नाही. वेर्नर लिहायचा फार कमी, त्याला लिहिण्याचा कंटाळा असे. त्याचं बरंचसं म्हणणं विद्यार्थ्यांच्या वह्यांतून पसरलं. ज्यानं स्वतःचा जबाब नीट नोंदवून ठेवला नाही त्याच्याविरुद्ध निकाल मिळवणं सोपं असतं. लायल महान भूवैज्ञानिक होता. पण या प्रकरणी तो न्यायाधीश नव्हता, आणि आपण त्याला न्यायाधीश मानत आलो.

मग वेर्नरचा बचाव कसा करायचा? माझी आवडती वाट निरीक्षण आणि उपपत्ती यांतल्या भेदाची. उपपत्ती जाऊ दे, निरीक्षण राहू दे. वेर्नरनं १७७४ मध्ये खनिजांची बाह्य लक्षणं ओळखण्यावर पुस्तक लिहिलं: रंग, चकाकी, कठीणपणा, फुटल्यावर दिसणारा पृष्ठभाग, हाताला लागणारा स्पर्श. अमूर्त वाटणाऱ्या शास्त्राला त्यानं डोळ्यांची आणि बोटांची शिस्त दिली. १७९१ मध्ये खनिजशिरांवर लिहिताना जी शीर दुसरीला कापून जाते ती नंतरची, हा नियम त्यानं खाणकामात पक्का रुजवला. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे खडकांची विभागणी कशानं करायची, तर ते केव्हा तयार झाले यानं, हा आग्रह. लेमान, फ्युक्सेल यांच्यासारख्या आधीच्या जर्मनांनी या दिशेनं पावलं टाकली होती हे खरं. पण क्रम हा खडकाचा पहिला प्रश्न आहे, ही सवय एका अख्ख्या पिढीला लागली ती फ्रायबेर्गमध्ये.

हा बचाव बरीच वर्षं मला पुरेसा वाटत होता. आता वाटत नाही. त्याचं कारण सांगण्याआधी एका बोगद्याची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही.

बोहेमियात एगर गावाजवळ कामरब्यूल नावाची छोटी टेकडी आहे. कवी गटे तिथे पुनःपुन्हा जात असे. त्याचा ओढा वेर्नरच्या बाजूचा, पण या टेकडीनं त्याला सतत चकवलं. ही ज्वालामुखी आहे की जमिनीतल्या जळक्या कोळशाची राख? त्याचं मत दोन्हींकडे झुकत राहिलं. शेवटी त्यानंच सुचवलं की टेकडीच्या पोटात बोगदा खणून पाहा. गटे १८३२ मध्ये वारला. त्याचा मित्र काउंट कास्पर श्टेर्नबेर्ग यानं पुढच्या काही वर्षांत ते काम हाती घेतलं, आणि टेकडीच्या आत लाव्हा वर आणणारी नळी सापडली. टेकडी ज्वालामुखीच निघाली. या गोष्टीतलं मला भावतं ते हे, की गटेनं आपल्या मनाला प्रिय असलेल्या मताविरुद्ध जाऊ शकेल असा प्रयोग स्वतः सुचवला, आणि उत्तर मिळायच्या आत त्याचं आयुष्य संपलं तरी मित्रानं तो प्रश्न टाकून दिला नाही.

आता मूळ मुद्दा. निरीक्षण आणि उपपत्ती वेगळी काढून वेर्नरला वाचवता येईल असं मी धरलं होतं. पण शायबेनबेर्गकडे नीट पाहिलं की हे वेगळं काढणं जमत नाही. वाळू ते बेसाल्ट हा सलग बदल वेर्नरला दिसला, कारण समुद्राच्या सिद्धांतानं त्याला तोच बघायला लावला होता. ते निरीक्षण उपपत्तीतूनच जन्मलं. तसं असेल तर त्याची चांगली निरीक्षणंही तिथूनच आलेली नाहीत का? आलेलीच आहेत. खडकांचा क्रम लावता येतो हे त्याला इतक्या खात्रीनं का वाटलं? समुद्र एकच, तो ओसरत गेला, त्यानं आधी हे बसवलं आणि मग ते, म्हणून. सॅक्सनीत जो क्रम आहे तोच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सापडेल असं का वाटलं? समुद्र सगळीकडे एकच होता, म्हणून. शिरांचा क्रमही त्यानं याच समुद्रावर उभा केला; भेगा वरून, समुद्राच्या पाण्यानं भरल्या अशी त्याची समजूत होती. ती बहुतांशी चुकीची, आणि क्रम बरोबर.

म्हणजे चुकीचा समुद्र काढून घेतला तर क्रमाचा प्रश्नही कदाचित त्या जोमानं उभा राहत नाही. हुम्बोल्ट १७९९ ते १८०४ अमेरिका खंडांत फिरला तो हा क्रम शोधत. १८२३ मध्ये दोन्ही गोलार्धांतल्या खडकांच्या मांडणीवर त्यानं पुस्तक लिहिलं. गुरूनं सॅक्सनीवरून जग बांधलं हा लायलचा आरोप खराच आहे. पण त्याच अतिरेकी आशेनं शिष्यांना अँडीजपर्यंत नेलं. मी ज्याला वेर्नरमधला माफ करण्याजोगा भाग समजत होतो, तोच मला आता कृतज्ञतेनं मानावासा वाटतो.

वेगेनरशी तुलना केली की तक्त्याचा अन्याय आणखी स्पष्ट होतो. आल्फ्रेड वेगेनर हा हवामानशास्त्रज्ञ. खंड सरकतात असं त्यानं जानेवारी १९१२ मध्ये फ्रांकफुर्टला मांडलं, १९१५ मध्ये पुस्तक काढलं, आणि नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर तो वारला. खंड सरकतात हे बरोबर. पण ते कशानं सरकतात याचं जे उत्तर त्यानं दिलं, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यातून येणारी विषुववृत्ताकडची ओढ आणि भरती-ओहोटीचं बल, ते साफ चुकलेलं होतं. ही बलं त्या कामाला फारच तोकडी आहेत. वस्तुस्थिती बरोबर, कारण चूक. वेर्नरचंही तेच: क्रम बरोबर, कारण चूक. एकाला ‘मान्य’ आणि दुसऱ्याला ‘अमान्य’ लिहिताना कोणती कसोटी लावली, हे त्या तक्त्याला सांगता येणार नाही.

तरीही लायलचा राग सगळाच निराधार नव्हता, हे मान्य करायलाच हवं. वेर्नरच्या अधिकारापुढे फोइग्टचं म्हणणं फारसं कुणी ऐकलं नाही. डेमारेचे पुरावे डोळ्यांसमोर असताना युरोपातली हुशार माणसं कित्येक वर्षं बेसाल्ट समुद्रातून काढत राहिली. ही किंमत मोठी आहे आणि ती त्या सिद्धांताइतकीच त्या गुरुभक्तीची आहे. म्हणून बाहेर पडलेले शिष्य मला महत्त्वाचे वाटतात. दोब्युइसाँ या फ्रेंच विद्यार्थ्यानं १८०३ मध्ये सॅक्सनीच्या बेसाल्टवर गुरूच्या बाजूनं प्रबंध लिहिला, मग ओव्हेर्न्य पाहिलं आणि मत बदलल्याचं उघडपणे सांगितलं. फॉन बुखला वेळ लागला. १८०२ मध्ये ओव्हेर्न्य पाहूनही सॅक्सनीचा बेसाल्ट वेगळा असेल अशी पळवाट त्यानं ठेवली. पुढे नॉर्वेत ख्रिस्तियानियाजवळ त्याला जीवाश्म असलेल्या चुनखडीच्या वर ग्रॅनाइट दिसला. गुरूच्या मते ग्रॅनाइट सर्वांत जुना, सर्वांच्या खाली. तो तर नव्या खडकाच्या वर बसला होता. लक्षात घेण्याजोगं हे, की गुरूला खोटं पाडायला बुखनं वापरलेलं हत्यार गुरूचंच होतं: वर काय, खाली काय, आधी काय, नंतर काय.

आणि तोच बुख नंतर स्वतः एका चुकीत अडकला. १८१५ मध्ये कॅनरी बेटं पाहून त्यानं ठरवलं की ज्वालामुखीचे डोंगर लाव्हा साचून होत नाहीत, जमीन खालून उचलली जाऊन होतात. १८५३ मध्ये मरेपर्यंत तो त्याला धरून होता. ही कल्पना नंतर एटनावर जाऊन लायलनंच मोडून काढली. त्या कामात मी पूर्णपणे लायलच्या बाजूनं आहे.

क्रम लावण्याचं काम मात्र जर्मनीत पुढे चालूच राहिलं. फॉन आल्बर्टीनं १८३४ मध्ये ट्रायासिक काळ निश्चित केला. बुखनं १८३९ मध्ये जर्मनीच्या ज्युरासिक खडकांची काळा, तपकिरी, पांढरा अशी तीन भागांत मांडणी केली. आल्बर्ट ओपेलनं १८५६ ते १८५८ मध्ये दगड कोणता आहे याकडे न पाहता फक्त जीवाश्मांवरून त्याच काळाचे बारीक विभाग पाडले. दगडाच्या जातीवरून काळ ओळखायचा, ही वेर्नरची रीत तिथे संपली. काळानं खडक लावायचा हट्ट टिकला.

तो हट्ट आपल्या सह्याद्रीवरही चालतो. १९८० च्या दशकात पश्चिम घाटातल्या बेसाल्टचे लोट खालपासून वरपर्यंत शैलसमूहांत लावले गेले: तळाशी जव्हार आणि इगतपुरी, मग नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, त्यांच्या वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. हे लोट नुसत्या डोळ्यांना बरेचसे सारखेच दिसतात. रंग, चकाकी, स्पर्श ही वेर्नरची साधनं इथे फारशी कामाला येत नाहीत. स्ट्रॉन्शियम, बेरियम, टायटॅनियम यांची प्रमाणं मोजून थर वेगळे करावे लागतात. त्याचा डोळा इथे अपुरा पडला असता, आणि या कातळाला त्यानं समुद्राचा गाळच म्हटलं असतं. तरी यातला कोणता थर आधीचा, हा प्रश्न तो बरोबर विचारू शकला असता.