अडकलेले अवजार आणि त्यागाचा प्रश्न

बोअर घेताना जमिनीखाली अडकलेला हॅमर वर काढायचा की तिथेच सोडायचा, हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. हॅमर, बिट आणि रॉड यांची किंमत किती, गाडी उभी राहिल्याचा रोजचा खर्च किती, एवढा हिशेब मांडला की निर्णय होतो असे समजले जाते. पण पाण्यासाठी जमीन खोदणे हे भारतीय परंपरेने धर्मकार्य मानले आहे. हाती घेतलेले असे काम अर्ध्यावर कधी सोडावे, कोणत्या बुद्धीने सोडावे आणि सोडल्यावर काय शिल्लक उरते, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत मावत नाही. तो त्यागाचा प्रश्न आहे. सोलापुरात तो विशेष जवळचा आहे, कारण हे शहर एका सिद्धपुरुषाने खोदलेल्या तळ्याभोवती वाढले.

अवजार अडकते कसे, हे आधी पाहिले पाहिजे. सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा पाषाण झाला. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लाल, मऊ मातीचा पट्टा लागतो. वरचा मुरूम केसिंग, म्हणजे पाइपचे अस्तर, टाकून रोखता येतो, पण खोलवरचा लाल पट्टा किंवा भेगाळलेला खडक उघडाच राहतो आणि ढासळतो. सध्याच्या पद्धतीत हॅमर छिद्राच्या तळाशी चालतो. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाऊन त्याला ठोके देते आणि तीच हवा दगडाचा चुरा वर फेकते. हवा मध्येच बंद पडली की वर निघालेला चुरा खाली बसतो आणि हॅमरला चहूबाजूंनी आवळतो. ओल्या मातीचा लगदा रॉडभोवती चिकटला तरी तेच घडते. कधी रॉडचे झिजलेले आटे सुटतात, कधी हॅमरच्या टोकाच्या बिटचा दांडा आतच तुटतो. कधी वरून पाना पडतो. साडेसहा इंचांच्या भोकात पडलेला एक पाना शेकडो फुटांचे काम थांबवू शकतो, आणि हा एकच अपघात पूर्णपणे टाळता येण्यासारखा असतो.

अडकलेली वस्तू काढण्याची पहिली पायरी म्हणजे ओढाताण न करणे. वर आलेले रॉड मोजले की तुटलेले टोक किती खोलीवर आहे ते कळते. वर आलेल्या शेवटच्या रॉडचे टोक निरखले की आटे सुटले की धातू तुटला, हेही कळते. मग ठसा घेतात. सपाट बुडाच्या नळीच्या तोंडाशी मेण किंवा साबण घट्ट बसवून ती रॉडला जोडून सावकाश खाली सोडतात, अडकलेल्या टोकावर हलकेच टेकवतात आणि वर घेतात. मेणावर पूर्ण गोल उमटला तर खालचा रॉड मध्यभागी सरळ उभा आहे. अर्धी चंद्रकोर उमटली तर तो भिंतीला टेकून कलला आहे. वेडीवाकडी कडा उमटली तर टोक फाटले आहे. आता बोअरमध्ये कॅमेराही सोडता येतो, पण गढूळ पाण्यात मेणाचा ठसाच जास्त भरवशाचा ठरतो.

ठशावरून अवजार ठरते. रॉडचे तोंड शाबूत असेल तर निमुळता टॅप आत घालून हळूहळू फिरवतात. तो रॉडच्या आतल्या बाजूला स्वतःचे आटे पाडत पकड घेतो. तोंड फाटले असेल तर घंटेच्या आकाराचा साचा बाहेरून बसवतात, किंवा आत पाचरी असलेली नळी रॉडवर सरकवतात. ओढ लागली की त्या पाचरी आवळत जातात. रॉड भिंतीला टेकला असेल तर आधी आकड्याने त्याला मध्यावर आणावे लागते. लोखंडाच्या लहान तुकड्यांना चुंबक लागतो. पकड बसल्यावर हवा सोडून भोवतीचा चुरा मोकळा करतात, आणि मग थोडी ओढ, थोडी ढील असे काम चालते. यात घाई झाली तर टॅपच आत तुटतो. टॅपचे पोलाद इतके कठीण असते की त्याच्यावर नवे बिट चालत नाही. म्हणजे एका अडकलेल्या वस्तूच्या दोन होतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा वाईट असते. रॉड ओढणारा ताणलेला वायररोप तुटला तर वर उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

या कौशल्याची जुनी साक्ष महाभारताच्या आदिपर्वात आहे. हस्तिनापुराबाहेर खेळणाऱ्या राजपुत्रांची विटी विहिरीत पडली आणि कोणालाच ती काढता येईना. द्रोणाने मूठभर गवताच्या काड्या घेतल्या. पहिली काडी विटीत रुतवली, दुसरी पहिलीत, तिसरी दुसरीत, अशी काडीला काडी जोडत काठापर्यंत साखळी आणली आणि विटी वर काढली. रॉडला रॉड जोडून तळाशी पकड घेणारा आजचा कारागीर नेमके हेच करतो. द्रोणाची ओळख भीष्माला पटली ती या कामावरून. शस्त्रविद्येचा एवढा मोठा आचार्य हस्तिनापुरात प्रथम ओळखला जातो तो विहिरीतून हरवलेली वस्तू काढण्यावरून, याची दखल घेतली पाहिजे. अवघड जागी अडकलेले सोडवणे ही विद्येची कसोटी आहे, असे त्या कवीला वाटले असावे.

धर्मशास्त्राने विहीर, तळे, बाग, देवालय यांना पूर्तकर्म म्हटले आणि यज्ञयागाच्या इष्टकर्माबरोबर त्याची जोडी लावली. विहीर किंवा तळे पूर्ण झाल्यावर उत्सर्गाचा विधी सांगितला आहे. त्यात खोदणारा आपली मालकी सोडतो आणि पाणी सर्व प्राण्यांसाठी अर्पण करतो. म्हणजे पाण्याच्या कामात त्याग आहेच, पण त्याची जागा ठरलेली आहे. आधी काम पुरे होते, मग मालकी सुटते. अर्धवट छिद्र सोडून निघून जाणे आणि पूर्ण विहिरीवरचा हक्क सोडणे यांत हेच अंतर आहे.

खोदण्याच्या कामावरचा सर्वांत तीव्र आक्षेपही सोलापुरातच घेतला गेला. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वर सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळे खोदवून घेत होते. शून्यसंपादने या शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात शरण-संत अल्लमप्रभू तिथे येतात. दगडमाती वाहणाऱ्या लोकांसमोर ते सिद्धरामांचा उल्लेख दगडफोड्या म्हणून करतात. संतापलेले कामकरी त्यांच्यावर दगड फेकतात. अल्लमप्रभूंचे म्हणणे असे की बाहेर तळी खोदून आतली तहान भागत नाही, आणि पुण्याच्या इच्छेने केलेले काम करणाऱ्यालाच बांधून ठेवते. सिद्धरामांनी हा आक्षेप ऐकला आणि ते कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांच्या समुदायात, गेले. पण त्यांनी तळे बुजवले नाही. त्यांची समाधी त्याच तळ्यातल्या मंदिरात आहे आणि मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज त्यांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना भेट देतात. वादाचा निकाल यातच आहे. सुटायला हवे होते ते कर्तेपण. पाणी सुटायचे नव्हते.

गीतेचा अठरावा अध्याय अर्जुनाच्या याच प्रश्नाने सुरू होतो: संन्यास आणि त्याग यांचे तत्त्व काय? तिथे त्याग तीन प्रकारचा सांगितला आहे. नेमून दिलेले काम अज्ञानाने टाकणे हा तामस त्याग. कष्ट होतील या भीतीने टाकणे हा राजस. आणि काम कर्तव्य म्हणून करत राहून आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. अडकलेल्या हॅमरजवळ हे तिन्ही त्याग रोज दिसतात. ठसा न घेता, खोली न मोजता “गेले ते गेले” म्हणून गाडी दुसऱ्या गावाला नेणे हा पहिला. दोन दिवस जातील, डिझेल जळेल म्हणून सोडणे हा दुसरा. तिसरा ओळखणे सर्वांत कठीण, कारण बाहेरून तो कधी काढण्यासारखा दिसतो तर कधी सोडण्यासारखा.

त्याच अध्यायात तामस कर्माचेही लक्षण दिले आहे. पुढचा परिणाम, होणारी हानी, दुसऱ्याला पोचणारी इजा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. अडकलेले अवजार काढण्यासाठी याहून नेमकी कसोटी एखाद्या तांत्रिक पुस्तकातही मिळणे अवघड. टॅप तुटला तर पुढे काय, आणखी किती खर्च, दोर तुटला तर कोणाला लागेल, आणि या गाडीत तेवढी ताकद आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे न देता “आता काढल्याशिवाय हटायचे नाही” असे म्हणणाऱ्याची चिकाटी कौतुकाची वाटते, पण ती मोहाचीच आहे. हट्टाने ओढत राहणे आणि कंटाळून सोडून देणे ही दोन टोके वाटतात; दोन्हींचे मूळ मात्र नीट न पाहण्यात आहे.

अवजार कोणाचे, यालाही नैतिक वजन आहे. बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, यार्देन नदीकाठी लाकडे तोडणाऱ्या एकाच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडते. तो अलीशा संदेष्ट्यापुढे कळवळतो, कारण पाते उसने आणलेले असते. अलीशाने लाकूड टाकताच लोखंड तरंगते, पण ते हात घालून उचलायचे त्या माणसानेच. आपल्या वस्तूवर पाणी सोडता येते, दुसऱ्याच्या वस्तूवर नाही. कर्ज काढून बोअर घेणारा शेतकरी आणि पगारावर गाडी चालवणारा कामगार यांच्या बाबतीत हा भेद खरा आणि जाचक असतो.

खोल पाण्याच्या कामाला सेवा मानणारी दुसरी परंपरा सोलापूरच्या सात रस्ता भागाशी जोडलेली आहे. जालना आणि सोलापूर येथील ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामातून १९७०च्या सुमारास टिकाऊ हातपंप तयार झाले. त्यांतला सोलापूर पंप आणि सात रस्त्याजवळची शोलापूर वेल सर्व्हिस यांची नावे बरोबर घेतली जातात. ओतीव लोखंडाचे जुने पंप खेडोपाडी बंद पडलेले असताना सोलापूर पंप टिकला, आणि पुढे युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या इंडिया मार्क टू पंपाचा तो आधार ठरला. मार्क टूमध्ये एक अडचण होती. तळाच्या सिलिंडरमधले वॉशर बदलायलासुद्धा सगळे पाइप वर ओढावे लागत, आणि या ओढाओढीत पाइप निसटून बोअरमध्ये पडण्याचा धोका असे. मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, त्यामुळे पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर घेता येऊ लागला. जे खाली सोडले ते वर घेता आले पाहिजे, हा विचार इथे यंत्राच्या रचनेतच आला. अवजार अडकल्यावरच्या धैर्यापेक्षा हा आधीचा विचार मोलाचा आहे.

तरीही काही वस्तू निघत नाहीत. रशियातल्या कोला येथील जगातल्या सर्वांत खोल विवरात १९८४ मध्ये सुमारे पाच किलोमीटर लांबीचे रॉड तुटून आत राहिले. ते तिथेच सोडून सुमारे सात किलोमीटर खोलीवरून बाजूने नवे छिद्र काढले आणि १९८९ मध्ये काम १२,२६२ मीटरपर्यंत नेले. तेलविहिरींत किरणोत्सारी उपकरण अडकले आणि निघाले नाही, तर त्यावर सिमेंट भरून ते कायमचे बंद करतात आणि विहिरीच्या तोंडाशी इशाऱ्याची पाटी लावतात. वस्तू सोडली, जबाबदारी सोडली नाही. सात्त्विक त्यागाचे याहून स्पष्ट उदाहरण व्यवहारात सापडणार नाही.

पाण्याच्या बोअरला हीच कसोटी लावली तर बहुतेक ठिकाणी उणीव दिसते. हॅमर गेला की शेजारी दुसरे छिद्र घेतले जाते आणि पहिले उघडेच राहते. त्यातून गावाची घाण थेट भूजलात उतरते, आणि लहान मुलांसाठी तो सापळा ठरतो. २००६ मध्ये हरियाणात प्रिन्स नावाचा मुलगा अशाच छिद्रात पडला आणि सुमारे दोन दिवसांनी जिवंत बाहेर काढला गेला. त्यानंतर पडलेली अनेक मुले वाचली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार खोदकामाच्या जागी फलक आणि कुंपण हवे, बोअरच्या तोंडावर पोलादी झाकण हवे आणि सोडून दिलेले बोअर माती, वाळू, दगडगोटे यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरले पाहिजे. ज्याच्या शेतात किंवा अंगणात अवजार गिळून बसलेले असे छिद्र अजून उघडे आहे, त्याने ते आजच भरून घ्यावे.